शाळेचे दार आणि शेजार : न्याय्य प्रवेशाचा एक अभ्यास

दरवर्षी ७ नोव्हेंबर रोजी महाराष्ट्रातील शाळांमध्ये विद्यार्थी दिवस साजरा होतो. १९०० साली याच दिवशी सातारा येथील सरकारी हायस्कुलात भिवा नावाच्या एका लहान मुलाचे नाव दाखल झाले. तेच आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २०१७ पासून शासनाने हा दिवस पाळण्यास सुरुवात केली. जयंती आणि स्मृतिदिन सर्वच थोर पुरुषांचे पाळले जातात. परंतु एखाद्या माणसाच्या शाळाप्रवेशाचा दिवस पाळला जावा, यातच एक मोठा अर्थ भरलेला आहे. एका मुलाचे नाव शाळेच्या पटावर चढले आणि त्यातून पुढे देशाच्या इतिहासाची दिशा बदलली, हा तो अर्थ होय.

परंतु पटावर नाव चढले म्हणजे सर्व काही मिळाले असेही नाही. त्या शाळेत बाबासाहेबांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागत असे आणि शिपाई हजर नसला तर पाण्यावाचून राहावे लागत असे. म्हणूनच प्रवेश हा विषय नुसत्या अर्जाचा नसून न्यायाचा आहे, असे आम्ही मानतो. संस्थेच्या अभ्यासवर्गात गेल्या काही वर्षांत या विषयावर जी चर्चा झाली, जे अनुभव आले आणि ज्या चुका आमच्याकडून झाल्या, त्या सर्वांचे सार सभासद आणि विद्यार्थी यांच्यापुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

१. प्रवेश नाकारण्याचा इतिहास

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारण्यात आला. मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. तत्त्व म्हणून मुलाची बाजू न्यायाची आहे हे सरकारला दिसत होते. परंतु एका मुलाला घेतल्याने इतरांनी शाळा सोडली तर काय, या भीतीने सरकारने हात आखडता घेतला. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला जे शिक्षणविषयक निवेदन सादर झाले, त्यात बाबासाहेबांनी या प्रकरणाचा मुद्दाम दाखला दिला आहे. त्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. प्रवेश नाकारणारा नेहमीच ‘तू नको’ असे म्हणत नाही. ‘तुझे बरोबर आहे, पण अडचण आहे’ असेही तो म्हणतो. आणि या ‘पण’मध्येच पिढ्यान् पिढ्या बाहेर राहिल्या.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम काढला. वेगळी शाळा म्हणजे दुय्यम शाळा, हे त्यांनी ओळखले होते. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांच्याबरोबरच सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात होते. मात्र ठराव कागदावर राहिला. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला होता, तरी ते पाणी हातात घेण्यासाठी १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. नियम होणे आणि दार उघडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा महाडचा धडा शाळेलाही तंतोतंत लागू पडतो.

२. आजचा कायदा काय सांगतो ?

२००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती होऊन कलम २१-अ आले आणि ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलामुलींचा शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्क झाला. त्यानुसार बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील प्रवेशाशी संबंधित कलमे विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावीत.

कलम ६ : मुलाच्या शेजारात, म्हणजे घराच्या जवळपास, शाळा उपलब्ध करून देणे ही शासनाची व स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे.

कलम १२ (१) (क) : खाजगी विनाअनुदानित शाळांनी इयत्ता पहिलीच्या पटाच्या किमान २५ टक्के जागा शेजारातील वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांना द्यावयाच्या आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्यांना मोफत शिकवावयाचे. शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तेथेही हेच लागू होते. या मुलांचा खर्च ठराविक मर्यादेपर्यंत शासन शाळेला परत करते.

कलम १३ : देणगी घेण्यास आणि मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी-परीक्षा अथवा मुलाखत घेण्यास मनाई आहे. देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत दंड आहे. चाळणी लावल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर दर वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

कलम १४ : वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

कलम ३२ : तक्रार लेखी स्वरूपात स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयाचा असतो. निर्णय मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

या कायद्याला खाजगी शाळांनी आव्हान दिले होते. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २५ टक्क्यांची तरतूद वैध ठरवली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना मात्र त्यातून वगळले. २०१४ साली घटनापीठाने सर्वच अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू होत नसल्याचे सांगितले. त्यामुळे शेजारची एखादी नामांकित शाळा यादीत का नाही, असा प्रश्न पालक विचारतात तेव्हा पुष्कळदा त्याचे उत्तर हे असते.

अनुसूचित जातीची मुले वंचित घटकात मोडतात. त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जातीचे प्रमाणपत्र लागते. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राच्या पातळीवरही मिळू लागल्या, हे आपणांस माहीत आहेच. तरीही प्रमाणपत्र वेळेवर न काढल्याने हातची संधी गमावणारी कुटुंबे आम्ही दरवर्षी पाहतो.

३. न्याय्य प्रवेशाच्या चार कसोट्या

कोणतीही प्रवेशपद्धती न्याय्य आहे किंवा नाही, हे ठरवण्यासाठी आमच्या अभ्यासवर्गाने चार साधे प्रश्न निश्चित केले आहेत.

पहिला : नियम अर्ज भरण्यापूर्वी सर्वांना माहीत होते काय ? जागा किती, निकष कोणते, कागद कोणते, तारीख कोणती, हे जर फक्त कार्यालयातील चार माणसांना ठाऊक असेल, तर तो नियम नव्हे, ती मर्जी होय.

दुसरा : निवड माणसाच्या मर्जीवर आहे की ठरलेल्या निकषावर ? मुलाखतीत बापाचे कपडे आणि आईचे इंग्रजी पाहिले जाते. सोडतीत तसे पाहता येत नाही. म्हणूनच अर्ज जागांपेक्षा अधिक असतील तेव्हा चिठ्ठी ही गरिबाची मित्र ठरते.

तिसरा : निकाल तपासता येतो काय ? कोणाची निवड झाली, प्रतीक्षा यादीत कोण कितव्या क्रमांकावर आहे, कोणाचा प्रवेश कोणत्या कारणाने रद्द झाला, हे उघड असावयास हवे.

चौथा : अन्याय झाल्यास दाद कोठे मागावयाची आणि तिचे उत्तर किती दिवसांत मिळेल ? उत्तर देण्यास कोणी बांधलेला नसेल, तर तक्रारपेटी ही भिंतीवरची शोभा होय.

महाराष्ट्रातील २५ टक्के प्रवेशाची ऑनलाइन पद्धती या कसोट्यांवर घासून पाहिली, तर ती पूर्वीच्या मानाने पुष्कळ पुढे गेलेली दिसते. अर्ज विनामूल्य आहे. सोडत राज्यपातळीवर काढली जाते, प्रतीक्षा यादी जाहीर होते, कागदपत्रांसाठी पडताळणी समिती असते. अलीकडच्या वर्षांत राज्यात एक लाखाहून अधिक जागांसाठी तीन लाखांच्या वर अर्ज आलेले आहेत. म्हणजे तीन मुलांमागे जेमतेम एकाला जागा. अशा वेळी पद्धती जितकी उघड, तितके अपयश पचवणे पालकाला सोपे जाते. ‘आपली चिठ्ठी निघाली नाही’ हे दुःख वेगळे आणि ‘आपल्याला डावलले’ हे दुःख वेगळे.

४. अंतराचे गणित

आता मुख्य प्रश्न शेजाराचा. राज्याच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर असा शेजार धरला. २५ टक्के प्रवेशात जवळच्या मुलाला आधी आणि जागा उरल्यास दूरच्याला, असे तत्त्व ठेवले गेले. (प्रत्यक्ष अंतराची मर्यादा त्या त्या वर्षीच्या सूचनेत पाहूनच अर्ज भरावा.) हे तत्त्व वरवर अगदी निर्दोष वाटते. सहा वर्षांच्या मुलाला लांब का पाठवावे ? परंतु त्याचे गणित विद्यार्थ्यांनी मांडून पाहावे.

समजा, एका शाळेत पहिलीचा पट ४० आहे. २५ टक्क्यांप्रमाणे १० जागा झाल्या. एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ७ मुलांचे अर्ज आले, तर सातही मुलांना प्रवेश मिळतो. उरलेल्या ३ जागांसाठी एक ते तीन किलोमीटरमधील २४ मुलांचे अर्ज असतील, तर त्यांच्यात चिठ्ठी निघेल. म्हणजे आठात एकाला संधी. आता असे धरा की एक किलोमीटरच्या आतूनच ३० अर्ज आले. मग दहाही जागा तेथेच संपल्या. अकराशे मीटरवर राहणाऱ्या मुलीची चिठ्ठी डब्यात पडतच नाही. नऊशे मीटर आणि अकराशे मीटर यांत सहा वर्षांच्या मुलीच्या पायाला फारसा फरक नाही. नशिबाला मात्र पूर्ण फरक आहे.

दुसरी गोष्ट अशी की, नकाशावरचे अंतर सरळ रेषेत मोजले तर ते पायाखालच्या रस्त्याशी जुळतेच असे नाही. आमच्या वस्तीच्या आणि एका शाळेच्या मध्ये नाला आणि रेल्वेचे रूळ आहेत. सरळ रेषेने ती शाळा हाकेच्या अंतरावर आहे, पण पुलावरून वळसा घालून गेल्यास अर्धा तास लागतो. उलट दुसरी एक शाळा नकाशावर दूर दिसते, पण तिच्याकडे जाणारा रस्ता सरळ आहे आणि आमच्या कित्येक आया त्याच रस्त्याने रोज कामाला जातात. रेषेला नाला दिसत नाही. ती आखणाऱ्यांनी वस्तीत एकदा तरी पायी फिरावे, अशी आमची विनंती आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अंतर हे कधीच निष्पाप नसते. आपली वस्ती गावकुसाबाहेर का होती ? ती काही आपण आवडीने निवडलेली जागा नव्हती. शहरातही आपल्या वस्त्या नाल्याकाठी, रुळांलगत, डोंगरउतारावर वसल्या. आणि चांगल्या शाळा जेथे जमिनीचे मोल जास्त तेथे उभ्या राहिल्या. ज्या समाजाला आधी दूर बसवले, त्यालाच पुढे ‘तू दूर राहतोस’ म्हणून जागा नाकारणे, हा जुनाच अन्याय नव्या मोजपट्टीने करण्यासारखे आहे.

हा अनुभव आपल्याच देशापुरता नाही. इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाच्या शाळांना प्रवेशाचे निकष आधी प्रसिद्ध करावे लागतात, त्यांवर हरकत घेता येते आणि प्रवेश नाकारला गेल्यास पालकाला स्वतंत्र मंडळापुढे अपील करता येते. पारदर्शकतेच्या दृष्टीने हे अनुकरणीय आहे. परंतु तेथेही घराजवळच्या मुलाला आधी प्रवेश या नियमामुळे चांगल्या शाळेभोवतालच्या घरांच्या किमती चढतात आणि पैसेवाले तेथे राहावयास जातात. हे पाहून ब्रायटन अँड होव्ह या शहराने २००८ पासून माध्यमिक शाळांसाठी नव्या हद्दी आखल्या आणि एखाद्या हद्दीत जागांपेक्षा मुले जास्त झाली तर अंतर न मोजता चिठ्ठी टाकण्याची पद्धत आणली. त्यावर बराच वाद झाला. मुद्दा एवढाच की, हद्द आखणारा हात कोणाच्या बाजूने झुकतो, हे पाहणे सर्वत्र आवश्यक असते.

५. शेजाराची भिंत : २०२४ चे प्रकरण

हा धोका किती खरा आहे, हे महाराष्ट्राने २०२४ साली पाहिले. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने नियमांत दुरुस्ती केली. ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, त्या खाजगी शाळेला २५ टक्क्यांच्या बंधनातून मोकळे करण्यात आले. शहरात एक किलोमीटरमध्ये महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही असे ठिकाण शोधून तरी सापडते काय ? म्हणजे व्यवहारात शहरांतील बहुतेक खाजगी शाळांची दारे या मुलांना बंद झाली. अर्जात मुलांपुढे ज्या शाळा आल्या, त्यांत मुख्यतः शासकीय व अनुदानित शाळाच होत्या. आणि तेथे जाण्यासाठी कोणालाही सोडतीची गरज नव्हती.

येथे शब्दाचा खेळ कसा झाला, ते विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. मूळ कायद्यात ‘शेजार’ हा शब्द मुलाच्या बाजूने आला आहे : शाळा त्याच्या जवळ असली पाहिजे. दुरुस्तीत तोच शब्द मुलाच्या विरोधात वापरला गेला : तुझ्याजवळ दुसरी शाळा आहे, म्हणून ही तुझी नाही. दार म्हणून दिलेली वस्तू भिंत म्हणून उभी करण्यात आली.

पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरवली. संसदेच्या कायद्याने दिलेला हक्क राज्याला नियमाच्या वाटेने काढून घेता येत नाही, हे त्यातील मुख्य सूत्र होय. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मात्र या सर्व काळात शाळा सुरू होऊन गेल्या होत्या. हक्क परत मिळाला, पण कित्येक मुलांचे त्या वर्षीचे पहिले महिने गेले. उशिरा मिळालेला न्याय लहान मुलाला अधिक महाग पडतो, कारण त्याचे पहिलीचे वर्ष पुन्हा येत नाही.

शाळांची बाजूही आपण प्रामाणिकपणे समजून घेतली पाहिजे. शासनाकडून येणारी रक्कम वर्षानुवर्षे थकते, ही त्यांची तक्रार खोटी नाही. लहान शाळांना त्याचा फटका बसतो. परंतु त्यावर उपाय थकबाकी चुकती करणे हा आहे. मुलांना दाराबाहेर उभे करणे हा नव्हे.

६. दोन अनुभव

आता आमच्याविषयी. संस्थेच्या वतीने विहारात दरवर्षी अर्ज भरून देण्याचे काम चालते. त्यातील दोन प्रसंग येथे नमूद करणे आम्हांस कर्तव्य वाटते. एकात आम्ही नियम पाळला आणि दुसऱ्यात आम्ही चुकलो.

एका वर्षी वस्तीतील एक रिक्षाचालक बांधव आपल्या मुलीच्या अर्जासाठी आले. पसंतीच्या शाळेपासून त्यांचे घर सव्वा किलोमीटरवर होते. कोणा दलालाने त्यांना शाळेलगतच्या इमारतीतील खोलीचा खोटा भाडेकरार करून देण्याचे कबूल केले होते. अर्ज मात्र आमच्या हातून भरावा, अशी त्यांची इच्छा होती. आम्ही नकार दिला. तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, सगळे जग करते. माझ्याच पोरीच्या वेळी तुम्ही हरिश्चंद्र का होता ?”

त्या रात्री कार्यकारिणीत मोठा वाद झाला. काही सभासद म्हणाले, शेकडो वर्षे नियमांनीच आपल्याला बाहेर ठेवले. आता एक नियम वाकवला तर कोणते आभाळ कोसळणार आहे? हे बोलणे सहज उडवून लावण्यासारखे नव्हते. तेव्हा आमच्या एका निवृत्त शिक्षिका बाईंनी त्या शाळेच्या मागील गल्लीतील कुटुंबांची नावे सांगितली. तेथे भांडी-धुणे करणाऱ्या बाया राहतात आणि त्यांचीही मुले त्याच दहा जागांसाठी रांगेत होती. बाई म्हणाल्या, “खोट्या कागदाने जाणारी जागा श्रीमंताच्या पोराची नसते. त्याच्या तीस जागा शाबूत राहतात. जाते ती आपल्यासारख्याचीच.” या वाक्यावर वाद संपला. संस्थेने तो अर्ज खऱ्या पत्त्यावर भरला. मुलीचा नंबर लागला नाही. तिचे वडील पुढे वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. आमचा निर्णय योग्य होता असे आम्ही आजही मानतो. पण त्याची किंमत आम्ही नव्हे, त्या मुलीने मोजली, हेही आम्ही विसरत नाही.

दुसरा प्रसंग अधिक दुःखाचा आहे. अर्जात घराची जागा नकाशावर खूण करून दाखवावी लागते. एका संध्याकाळी गर्दी फार होती. आमच्या कार्यकर्त्याने एका मुलाची खूण त्याच्या घरावर न करता अर्ज जेथे भरत होतो त्या विहारावरच केली. सोडतीत मुलाची निवड झाली. घरी पेढे वाटले गेले. पडताळणीत पत्ता आणि खूण जुळेना, तेव्हा प्रवेश रद्द झाला. पडताळणी करणाऱ्यांचा यात काही दोष नव्हता. चूक आमची होती. मुलाच्या आईने आम्हांला एक शब्दही वावगा बोलला नाही. तिने बोलले असते तर बरे झाले असते, असे वाटत राहिले.

तेव्हापासून संस्थेने नियम केला आहे. अर्ज भरणाऱ्याने घरी जाऊन जागा पाहावयाची. खूण पालकाला दाखवून त्याची सही एका वहीत घ्यावयाची. आणि अर्ज कायम करण्यापूर्वी दुसऱ्या कार्यकर्त्याने तो तपासावयाचा. जी पारदर्शकता आपण शासनाकडे आणि शाळांकडे मागतो, ती आपल्या टेबलावरही असली पाहिजे. समाजकार्य विनामूल्य असले म्हणून ते निष्काळजीपणाने करण्याची मुभा मिळत नाही.

७. पालकांनी व युवकांनी काय करावे ?

(अ) मूल पाच वर्षांचे होण्यापूर्वीच कागद तयार ठेवावेत : जन्माचा दाखला, राहण्याचा पुरावा, वडिलांचे किंवा बालकाचे जातीचे प्रमाणपत्र. दुर्बल घटकातून अर्ज करणाऱ्यांनी उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढावा.

(आ) भाड्याने राहणाऱ्यांनी भाडेकरार नोंदणीकृत करून घ्यावा आणि तो अर्जाच्या मुदतीपूर्वीचा असावा. साध्या स्टँपपेपरवरचा करार ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

(इ) दलालाला एक पैसाही देऊ नये. सोडत कोणाच्या ओळखीने लागत नाही. ‘नंबर लावून देतो’ म्हणणारा माणूस दहा जणांकडून पैसे घेतो, त्यांतील तिघांचे नंबर नशिबाने लागतात आणि त्याचे श्रेय तो उपटतो.

(ई) शाळेने अन्य नावाखाली फी मागितली किंवा मुलाला वेगळे बसवले, तर तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. या मुलांना वर्गात वेगळे बसवू नये अथवा त्यांचे वर्ग वेगळ्या वेळी भरवू नयेत, असे या कायद्याखालील केंद्राच्या नियमांत स्पष्ट आहे. गोणपाटाचे दिवस कोणत्याही नव्या रूपाने परत येऊ देता कामा नयेत.

(उ) मोफत शिक्षणाची ही सोय आठवीपर्यंत आहे. नववीपासून फी भरावी लागू शकते. त्याचा विचार पहिलीतच करून थोडी थोडी बचत सुरू करावी.

८. सोडतीपलीकडे

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे जरूर आहे. २५ टक्क्यांच्या जागा महत्त्वाच्या आहेत, परंतु त्या सर्वांना पुरणाऱ्या नाहीत. आमच्या वस्तीतील बहुतेक मुले आजही महापालिकेच्या शाळेत जातात आणि उद्याही जाणार आहेत. चिठ्ठी निघालेल्या मुलासाठी आपण पेढे वाटतो. चिठ्ठी न निघालेल्या मुलांचे काय? १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शेजारशाळेची शिफारस केली होती. परिसरातील सर्व थरांतील मुलांनी एकाच चांगल्या शाळेत शिकावे, हा तिचा गाभा होता. शेजार या शब्दाचा तो खरा अर्थ. ज्या दिवशी घराजवळची सार्वजनिक शाळा इतकी चांगली होईल की कोणाला सोडतीची वाट पाहावी लागणार नाही, त्या दिवशी प्रवेशाचा प्रश्न आपोआप सुटेल.

त्यासाठी कायद्याने आपल्या हाती एक साधन दिले आहे, ते म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. शासकीय व अनुदानित शाळांच्या या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावयास हवेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. वंचित घटकातील पालकांना त्यात त्यांच्या प्रमाणात स्थान आहे. आपल्यापैकी किती जण या समितीच्या बैठकीस जातात, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा. रिक्षाचालक बांधवाची ती मुलगी आज महापालिकेच्या शाळेत शिकत आहे. तिची आई त्या शाळेच्या समितीवर निवडून आली आहे आणि शाळेत पिण्याच्या पाण्याची टाकी तिच्याच पाठपुराव्याने बसली. वडीलही आता आमच्याशी बोलू लागले आहेत. मागील वर्षी अर्जांच्या दिवसांत ते विहारात येऊन बसत आणि नव्या पालकांना सांगत, “खूण आपल्या घरावरच आहे का, तेवढे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

साताऱ्याच्या शाळेचे दार एका मुलासाठी उघडले तेव्हा त्याच्या मागे एक जागरूक बाप उभा होता. आज कायदा आपल्या बाजूला आहे, न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूला आहे. उणीव आहे ती प्रत्येक मुलामागे उभे राहणाऱ्या जागरूक माणसांची. ती भरून काढण्याचे काम आपल्या सर्वांचे आहे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत किती शाळा आहेत, त्यांपैकी २५ टक्के प्रवेश कोणत्या शाळांना लागू आहे, याची यादी करा. त्या प्रत्येक शाळेपर्यंत पायी जाण्यास किती वेळ लागतो, तेही लिहा.

२. एका शाळेत पहिलीचा पट ६० आहे. एक किलोमीटरच्या आतून ९ आणि एक ते तीन किलोमीटरमधून ३६ अर्ज आले. दूरच्या मुलांना किती जागा उरतील व प्रत्येकाची संधी किती ?

३. ‘खोट्या पत्त्याने मिळालेली जागा कोणाची जाते ?’ या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी चर्चा करा.

४. चार कसोट्यांपैकी आपल्या संस्थेचे स्वतःचे काम कोणत्या कसोटीस उतरते आणि कोणत्या कसोटीत कमी पडते ?